मोडनिंबला वारं थांबतं

संघप्रियाला गाडी लागते, ही गोष्ट सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास फार थोड्यांना माहीत होती, आणि ज्यांना माहीत होती त्यांनी ती जपून ठेवली होती. कारण गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या बाईला गाडीत बसलं की मळमळतं, हे काही गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं नव्हतं. स्वतःच्या हातात स्टिअरिंग असलं तर तिला काही होत नसे. दीपकच्या, म्हणजे नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसूनही ती मजेत गाणी म्हणत जायची. पण चारचाकीत दुसऱ्याच्या शेजारी बसून गावाबाहेर पडलं, की मोहोळ यायच्या आत तिचा चेहरा कोथिंबिरीसारखा हिरवा व्हायचा. लहानपणी मामाच्या गावाला जाताना एसटीच्या खिडकीची जागा घरात फक्त तिच्या नावावर असायची. हौस म्हणून नव्हे, सोय म्हणून.

तरीही ती रमली गाड्यांतच. तिचे वडील धर्मपाल नंबरप्लेटा रंगवायचे. रिक्षांच्या पाठीवरची नावं, ट्रकच्या कपाळावरची फुलं, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फलक, सगळ्यांवर त्यांच्या हातचं वळण दिसायचं. शाळा सुटली की संघप्रिया त्यांच्याबरोबर एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये फिरायची. रंगाचा डबा सांभाळायचं काम तिचं, पण डब्याकडं लक्ष कुणाचं? डोळे उघड्या बॉनेटमध्ये. एकदा सिद्धलिंगप्पांच्या दुकानात तिनं एका गाडीच्या दोन नळ्यांना हात लावला. एक चटका देणारी, दुसरी गारेगार.

"अप्पा, मशीन एकच ना? मग ही तापलेली आणि ही गार, असं कसं?"

सिद्धलिंगप्पा मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. पोरीच्या प्रश्नावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"गारवा तयार होत नसतोय, मगळे," ते म्हणाले. लेकीला कानडीत मगळे म्हणतात, आणि पुढं कायम ते तिला तसंच म्हणत राहिले. "आतली उष्णता उचलायची आन् बाहेर नेऊन टाकायची. हमाली हाय ही. ह्यो गॅस म्हंजे हमाल."

ती हमाली पोरीच्या डोक्यात बसली ती बसलीच. दहावीनंतर तिनं आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. आई नागूबाईनं कपाळावर हात मारला. "ग्रीसच्या हातानं भाकरी थापणार का गं तू?" असं विचारलं, आणि पहिल्या दिवशी स्वतःच डबा भरून दिला. शिकून झाल्यावर संघप्रिया थेट सिद्धलिंगप्पांच्या हाताखाली जाऊन उभी राहिली. तिथं ती कान लावायला शिकली, नळ्यांवर हात ठेवायला शिकली, गॅसचा दाब दाखवणारे दोन काटे वाचायला शिकली. पुढं कधीतरी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा अप्पांनी शटरची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि ते लेकाकडं राहायला गेले.

दुकानावरचा बोर्ड अर्थातच धर्मपालांनी रंगवला. 'संघप्रिया कार एसी', आणि खाली बारीक अक्षरात 'येथे गारवा दुरुस्त करून मिळेल'. लोक बोर्ड वाचून हसायचे, हसत हसत आत यायचे आणि इकडंतिकडं बघत विचारायचे, "मेस्त्री कुठं गेलेत?"

"मेस्त्री हात धुवायला गेलेत," असं सांगून संघप्रिया मोरीकडं जायची, हात धुऊन परत यायची आणि म्हणायची, "हं, बोला."

अशा या चांगल्या चाललेल्या दुकानात एका मे महिन्यात ईश्वरप्पाची गाडी आली.

ईश्वरप्पा अक्कलकोटचा. सात माणसांची पांढरी गाडी भाड्यानं चालवायचा. मठात आलेल्या भक्तांना सोलापूर, पुणे, जिथं म्हणतील तिथं सोडायचा. मराठी आणि कानडी तो एकाच ताटात कालवून बोलायचा, आणि वयानं थोरला असूनही संघप्रियाला अक्का म्हणायचा.

"अक्का, माझ्या गाडीला येड लागलंय," तो उतरता उतरता म्हणाला. "सोलापुरातनं निगालं की मस्त गार. मोहोळ गार. शेटफळ गार. मोडनिंब आलं की वारं बंद! पाशिंजर बोंब मारत्यात. मग टेंभुर्णीत जायचं, च्या प्यायचा, परत बसायचं. की पुन्ना गार!"

"गॅस भरलाय कुणी?"

"दोघांनी भरला. तिसऱ्यानं काढून पुन्ना भरला."

संघप्रियानं काटे लावले. गॅस बरोबर होता. गाडीसमोरच्या जाळीत कापसाच्या धाग्यांचा आणि धुळीचा थर बसला होता, तो तिनं पाण्यानं धुऊन काढला. गाडी चालू ठेवून दोन चहा होईपर्यंत बसली. आतून हिवाळ्यासारखं वारं येत होतं. मग ती स्वतः चालवत विजापूर रोडला एक चक्कर मारून आली. काही दोष नाही. ईश्वरप्पा खूश होऊन गेला आणि आठवड्याच्या आत परत आला.

"मोडनिंब!" एवढंच म्हणाला.

या खेपेला तिला समोरचा पंखा जरा मंद वाटला. उन्हात गाडी तापली की पंखा दमत असेल, असं धरून तिनं तो बदलला. पुन्हा चक्कर मारली, पुन्हा सगळं छान. ईश्वरप्पा गेला, आणि पुन्हा आला. आता त्यानं आरशाला लिंबू-मिरच्यांच्या दोन माळा बांधल्या होत्या.

शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या हरिबाला एवढं पुरेसं होतं. कप विसळता विसळता तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "मोडनिंबात कोणतरी बसलंय बगा. ताईंच्या हातातलं काम न्हाय त्ये." लोकही काहीबाही सुचवायचे. एकानं तर रस्ताच बदल, बार्शीवरून जा, असा सल्ला दिला. संघप्रिया वरवर हसायची, पण मनातून ती खट्टू झाली होती. सिद्धलिंगप्पांनंतर या दुकानातून न सुधारता गेलेली ही पहिलीच गाडी. घरी पोळी मोडतामोडता ती दीपकला म्हणाली, "माझ्यासमोर आली की शहाण्यासारखी वागते रे. आणि मला सांग, गाडीला मोडनिंब कसं कळतं?"

दीपक टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघायचा. त्यानं शांतपणे आमटी वाढून घेतली. "तुला कळायला तू कधी मोडनिंबला गेलीस?"

तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं, कारण त्याचं बरोबर होतं.

चौथ्या वेळी ईश्वरप्पा आला तो भरल्या गाडीनं. दार उघडून त्यानं आतल्या मंडळींची ओळख करून दिली. दक्षिण सोलापूरकडची शेतकरी मंडळी. बजाबाई नावाची आजी, तिचा मुलगा, सून, आणि नातू अभिमन्यू. अभिमन्यू सोलापुरातच ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला होता. त्याच्या अंगात आज चंदेरी-निळा कोरा शर्ट होता, कॉलरच्या आत रुमाल खोचलेला होता आणि पावडरीचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"टेंभुर्णीला पोरगी बगायला चाललेत," ईश्वरप्पा म्हणाला. "अक्का, म्होरची शीट रिकामी ठिवलीया. तुमी आज बसा. माझ्यावर इश्वास ठिवू नगा, डोळ्यानं बगा."

"मी?" संघप्रिया एक पाऊल मागं सरली. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

"पाशिंजर असताना श्टेरिंग कुणाला देत न्हाय, अक्का. माझ्या बापाला पन न्हाय दिलं."

मागच्या खिडकीतून बजाबाईनं डोकं बाहेर काढलं. "ये की गं बाय. चार मानसांत पाचवी. ह्या प्वाराचा शर्ट घामानं भिजला तर पोरगी न्हाय म्हनंल. बस लवकर."

संघप्रियानं दीपकला फोन लावला. "मी टेंभुर्णीला चाललेय. गाडीत. शेजारी बसून."

दीपक लगेच म्हणाला, "लिंबू घेतलंस?"

हरिबानं चहात पिळायला ठेवलेलं लिंबू आणून दिलं. हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून, लिंबू नाकाला लावून संघप्रिया ईश्वरप्पाच्या शेजारी बसली.

सुरुवात बरी झाली. एसीचं बटण पार गाराच्या टोकाला होतं. पंखा मात्र एकावर, कारण जोराच्या वाऱ्यानं बजाबाईचा कान ठणकायचा. शिवाय उन्हाच्या बाजूच्या काचेवर तिनं ओला टॉवेल पसरला होता आणि मधूनमधून बाटलीतलं पाणी त्याच्यावर शिंपडत होती. "आमच्या येळंला ह्योच येशी," ती म्हणाली. आत खरोखर गार होतं. डॅशबोर्डच्या जाळीतून बारीक, थंड वारं थेट संघप्रियाच्या तोंडावर येत होतं, आणि त्या वाऱ्याच्या आधारावर तिनं मोहोळ गाठलं. मोहोळ मागं पडलं तरी ती हिरवी झाली नव्हती. तिचं तिलाच नवल वाटलं.

मागं बजाबाई नातवाची तयारी करून घेत होती.

"पोरगी म्होरं आली की काय इचारशील?"

"नाव."

"नाव तर तुला ठावं हाय की. अंकिता."

"मग शिक्षण."

"त्येबी ठावं हाय!"

"मग मी गप्पच बसतो, आज्जी," अभिमन्यू म्हणाला आणि रुमालानं गळा पुसू लागला.

शेटफळ गेलं. कोणाला काही जाणवलं नाही. पण संघप्रियाच्या पोटात हळूच एक लाट उठली. तिनं लिंबू घट्ट धरलं. दुसरी लाट आली. आत्तापर्यंत बरं होतं, आताच का? रस्ता तोच सरळ, ईश्वरप्पाचा हात तोच स्थिर. मग तिच्या लक्षात आलं की तोंडावरचं वारं कमी झालंय. थोडंसंच, चांगल्या तब्येतीच्या माणसाला कळणारही नाही इतकंच. पण तिचा सगळा जीव त्या वाऱ्यावर टांगलेला होता, तिला कळलं.

तिनं तळहात जाळीसमोर धरला. मग पंख्याचं बटण एकावरून चारावर नेलं. आवाज वाढला, पंखा डॅशबोर्डच्या आत घोंघावू लागला, पण वारं काही वाढेना. बंद दारामागून कोणी ओरडावं तसा नुसता आवाज.

"बगा! बगा!" ईश्वरप्पा विजयानं ओरडला. "मोडनिंब आलं! गेला गॅस!"

"गॅस नाही गेला," संघप्रिया पुटपुटली. तिनं गाल जाळीला टेकवला होता. गॅस गेला असता तर वारं भरपूर आलं असतं आणि गरम आलं असतं. इथं उलटं होतं. येत होतं ते फुंकरीएवढं, पण ती फुंकर बर्फाच्या लादीवरून आल्यासारखी.

बर्फ.

"थांबवा!" ती एकदम ओरडली. "गाडी थांबवा!"

तिचा चेहरा बघून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. अभिमन्यूनं तर शर्ट वाचवायला पाय वर घेतले. ईश्वरप्पानं गाडी रस्त्याच्या कडेला, एका बाभळीच्या विरळ सावलीत घेतली. संघप्रिया दार उघडून धावली. पण बाभळीकडं नाही, बॉनेटकडं. इंजिन चालूच होतं. तिनं बॉनेट वर केलं, आत वाकली आणि गाडीच्या पोटातून येणाऱ्या जाड नळीकडं बघत राहिली. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी, ती नळी पांढरीशुभ्र झाली होती. वर दहिवर साचलं होतं.

"सापडलं!" ती किंचाळली. "सापडलं ओ!" आणि मग मात्र ती बाभळीकडं पळाली, आणि जे व्हायचं होतं ते झालं.

चूळ भरून, पदराला नव्हे तर कामाच्या फडक्याला तोंड पुसून ती परत आली तेव्हा सगळी मंडळी बॉनेटभोवती जमली होती. बजाबाईनं बोटानं नळीवरचं दहिवर खरवडून डोळ्यांना लावलं. "अगं बया! उन्हात बरफ!"

"अक्का, बरफ झालाय मंजे चांगलंच की," ईश्वरप्पा गोंधळून म्हणाला. "गार हाय मग वारं कुटं गेलं?"

संघप्रिया हसायला लागली. तिचं पोट हलकं झालं होतं आणि डोकं त्याहून हलकं. "तुमच्या डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार कॉइल आहे. वारं तिच्यातून गाळून येतं आणि गार होतं. ती कॉइल आता बर्फानं बुजलीय. भिंत झालीय भिंत. पंखा बिचारा मागून ढकलतोय, पण जायला वाट कुठाय? टेंभुर्णीला तुम्ही चहा पिता तेवढ्यात बर्फ वितळतो, वाट मोकळी होते, परत गार. सात रस्त्याला माझ्याकडं येईपर्यंत गाडी साळसूद!"

"आन् तुमच्या दुकानात का न्हाय झाला बरफ?"

"उभ्या गाडीत इंजिन हळू चालतं, गॅस दाबणारा कॉम्प्रेसरही हळू. हायवेवर तो सलग जोर लावतो, बर्फ साचत जातो आणि मोडनिंब येईपर्यंत भिंत पुरी होते. आज त्यात पंखा एकावर, म्हणजे कॉइलला ऊब मिळत नाही. आणि वर..." तिनं खिडकीकडं बघितलं. "आज्जींचा टॉवेल. त्यातली वाफ जाऊन बसते ती कॉइलवरच."

"म्हंजे म्या केला व्हय बरफ?" बजाबाईनं कमरेवर हात ठेवले. ती रागावली की खूश झाली ते कुणालाच कळेना. मग तीच आधी हसली.

संघप्रियानं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला. थोड्या वेळात गाडीखाली टपटप सुरू झाली, मग धार लागली. रस्त्याकडेला चरणारी एक शेळी आली आणि गाडीखाली मान घालून ते गार पाणी प्यायली. अभिमन्यूनं तिचा फोटो काढला.

"पण इतका बर्फ व्हायलाच नको," संघप्रिया बॉनेट लावताना म्हणाली. "कॉइल फार गार झाली की कॉम्प्रेसरला जरा थांब म्हणून सांगायला तिथं एक छोटा सेन्सर असतो. तो सांगत नाहीय. टेंभुर्णीला गेल्यावर बघते त्याच्याकडं. आज्जी, तोवर कान झाका, पंखा चारावर ठेवणार."

अंकिताचं घर टेंभुर्णीत बाजाराच्या मागल्या बाजूला होतं. पुढं वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मागं घर, मधे अंगणात एक मोठी चिंच. मंडळी आत गेली. ईश्वरप्पा चहा शोधायला गेला. संघप्रियानं चिंचेखाली गाडीची चारही दारं उघडली, डावीकडचा कप्पा काढला आणि पाठीवर झोपून डोकं डॅशबोर्डखाली घातलं.

घराची खिडकी तिच्या डोक्यावरच होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. खरं तर ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं. बशा वाजल्या. पोह्यांवर कुणी लिंबू पिळलं. शेवटी अभिमन्यूचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"तुम्हाला... आवड कशाची?"

"तुमच्याबरोबर आलेल्या त्या ताई बाहेर काय करतायत?" मुलीचा आवाज आला.

आत कुणीतरी खोकलं. अभिमन्यू म्हणाला, "एसीचा सेन्सर शोधतायत. गाडीत बर्फ झाला होता."

"गाडीत? बर्फ?"

"व्हय. मी फोटो काढलाय. म्हणजे शेळीचा. पण पाणी बर्फाचंच."

पुढच्या क्षणी अंगणात पैंजण वाजले. हातात पाण्याचा तांब्या, अंगावर मोरपंखी साडी. अंकिता गाडीपाशी वाकली. "ताई, पाणी घ्या. आणि मला दाखवता का?"

संघप्रियानं खालूनच तिच्याकडं बघितलं. "साडी खराब होईल."

"दुकानात काउंटरवर रोज मीच असते. बेअरिंग न् फिल्टर विकते. साडी आजच नेसलीय," अंकिता म्हणाली आणि पदर खोचून गुडघ्यावर बसली. "अंधार आहे की आत. थांबा, बॅटरी आणते."

बॅटरी आली, पण तिच्याबरोबर बजाबाईही दारापर्यंत आली. तिनं बाहेरचा प्रकार बघितला, मागं वळून आत बघितलं. नातू पोह्यांच्या बशीकडं टक लावून बसला होता.

"अभिमन्यू! हितं बसून काय पोहं मोजतुयास व्हय? जा की, बॅटरी धर जा!"

तो आला. एका बाजूनं अंकिता, दुसऱ्या बाजूनं अभिमन्यू, मधे डॅशबोर्डखाली संघप्रिया.

"उजेड इकडं," अंकिता म्हणाली. "तिकडं नव्हं. इकडं. तुम्ही दुकानात पण असंच दाखवता का?"

"आमच्या दुकानात पाइप असतात. उन्हात. बॅटरी लागत नाही."

"ठिबकचे ना? त्यांच्या जोडाला आमच्याकडची क्लिप बसते, माहीत आहे का तुम्हाला? कंपनीच्या क्लिपपेक्षा टिकते."

"बसते? कुठली, ती काळी?" त्याच्या हातातली बॅटरी छताकडं वळली.

"उजेड!" दोघी एकदम ओरडल्या.

संघप्रियाच्या बोटांना अखेर ती वायर लागली. तिच्या टोकाला काडेपेटीच्या काडीएवढा सेन्सर होता, आणि तो कॉइलमध्ये रुतून बसण्याऐवजी बाहेर हवेत लोंबकळत होता. त्याला धरून ठेवणारी क्लिप मोडलेली. "हा बघा आपला राजा," ती म्हणाली. "ह्याला वाटतंय, बाहेर मस्त गरम आहे, तेव्हा चालू दे कॉम्प्रेसर. इकडं कॉइल गोठून मरायला आलीय आणि ह्याला पत्ताच नाही."

"क्लिप पाहिजे ना?" अंकिता उठली, धावत दुकानात गेली आणि मूठभर काळ्या क्लिपा घेऊन आली. तिसरी बरोबर बसली. संघप्रियानं सेन्सर जागेवर दाबून बसवला, कप्पा लावला आणि गाडी चालू करायला सांगितली. अभिमन्यू पटकन चालकाच्या जागेवर जाऊन बसला. पंखा एकावर, एसी पूर्ण गार, इंजिन जोरात. सगळे कान देऊन थांबले. थोड्या वेळानं बॉनेटमधून टक् असा आवाज आला आणि कॉम्प्रेसर थांबला. मग परत टक्, आणि चालू.

"ऐकलंत?" संघप्रियाचा चेहरा उजळला. "विश्रांती घ्यायला शिकला."

अभिमन्यू उतरला तेव्हा त्याच्या निळ्या शर्टाच्या बाहीवर काळाकुट्ट ओघळ होता. त्यानं तो बघितला आणि रुमालानं घासायला घेतला. अंकितानंही बघितला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मघाशी दुकानातल्या पुतळ्यागत दिसत होता. आता माणूस वाटताय."

दारात उभ्या बजाबाईनं सुनेला कोपर मारलं. "बोलत्यात की गं!"

परतीला पंखा पुन्हा एकावर आला. तसाच ठेवा, असं संघप्रियानंच सांगितलं. परीक्षा व्हायची तर पूर्ण व्हायला हवी होती. ओला टॉवेलही तिनं बजाबाईला मुद्दाम काचेवर टाकायला लावला. मोडनिंब आलं. ईश्वरप्पानं आरशाला हात जोडले. मोडनिंब गेलं. वारं तसंच. शेटफळ गेलं. वारं तसंच. मोहोळच्या पुलावर बजाबाई पदर अंगभर घेत म्हणाली, "बंद कर रं ईश्वरप्पा, दात वाजाया लागलं."

"आज न्हाय बंद करनार!" ईश्वरप्पा म्हणाला आणि आनंदानं कानडीत काहीतरी गाऊ लागला. संघप्रियाला पुन्हा थोडं मळमळलं, पण तिनं डोळे मिटून तोंड वाऱ्यासमोर धरलं आणि पाकणीच्या आसपास तिला झोप लागली. सात रस्त्याला तिला हलवून उठवावं लागलं. हरिबा कप विसळायचा थांबून बघत होता. "बसलं होतं ना कोणतरी मोडनिंबात?" तिनं खाली उतरताच त्याला सांगितलं. "बर्फ बसला होता. उठवून आलेय."

त्या दिवसापासून तिचं कामाचं तंत्रच बदललं. ज्या गाडीचं दुखणं दुकानात दिसेना, त्या गाडीत ती बसू लागली. लिंबू, आवळा सुपारी आणि रिकामी पिशवी एवढं सामान घेऊन ती बार्शीला गेली, तुळजापूरच्या घाटात गेली, एकदा थेट विजयपूरला जाऊन आली. मळमळायचं थांबलं असं नाही. पण वारं गाडीत कुठं, किती, कसं येतंय हे तिच्याइतक्या लवकर कुणालाच कळत नाही, हे तिला आता ठाऊक झालं होतं आणि ती ते गिऱ्हाइकांना मोठ्यानं सांगायचीही. लोक हसायचे. हसत हसत पुढची सीट रिकामी करून द्यायचे.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी दुकानात तिचा फोन वाजला. अंकिता होती.

"ताई, बाबांच्या गाडीचा काटा एकदम गरमावर गेलाय. बॉनेटमधून वाफ येतेय. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी घालू का?"

"हात लावू नकोस!" संघप्रिया ओरडली. "उकळतं पाणी तोंडावर येईल. इंजिन बंद कर, गाडी गार होऊ दे, झाकण हाताला कोमट लागेपर्यंत लांब राहा. मग खालचा रबरी पाइप बघ, कुठं ओला आहे का, चीर गेलीय का."

पलीकडं हसण्याचा आवाज आला.

"हसतेस काय?"

"काही नाही, ताई. अभिमन्यूंनी पण अगदी हेच सांगितलं. शब्दाला शब्द. म्हटलं बरोबर सांगतायत का, एकदा तुम्हाला विचारून बघावं."

"अच्छा," संघप्रिया म्हणाली आणि हातातला पाना खाली ठेवून स्टुलावर ऐसपैस बसली. "म्हणजे फोन रोज होतात तर. पाइप राहू दे बाजूला, आधी ते सांग मला."